परत पाठवलेले सहा मणी

दिगू, तुझ्या दहाव्याला माझ्या हातात माईक दिला आणि मी तुझी स्तुती करून खाली बसलो. त्याची लाज अजून जात नाही.

आपल्याकडचा दहावा कसा असतो तुला माहीतच आहे. नदीकाठी मांडव, सतरंज्या, प्रवचन संपलं की श्रद्धांजलीला रांग. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, तुला आयुष्यात दोनदाही न भेटलेला एक पुढारी बराच वेळ बोलला. मग कुणीतरी पुकारलं, "दिगूशेठचे बालमित्र, नगरचे प्रोफेसर साहेब." मी उठलो. घरून ठरवून निघालो होतो की सगळ्या सोनई गावासमोर एक गोष्ट सांगायची. समोर पहिल्याच रांगेत रंगनाथतात्या बसले होते. पलीकडे बायकांमध्ये मंगलवहिनी होत्या. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

आणि मी म्हणालो, "दिगंबर म्हणजे सचोटी. दिगंबर म्हणजे हाडाचा कलाकार." पुढचीही वाक्यं अशीच आली, कुणाच्याही दहाव्याला कुणीही म्हणावी तशी. लोकांनी माना डोलावल्या. वहिनींनी तोंड फिरवलं.

सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून आता लिहून काढतोय. तुला सगळं माहीत आहे असं नाही. अर्धं तुला कधी कळलंच नाही, आणि ते मी कळू दिलं नाही.

अकरावीला आपण एकाच टेबलावर प्रयोग करायचो. लंबकाचा दोरा तू बांधायचास, आकडे मी लिहायचो. तुझा हात स्थिर आणि माझं अक्षर चांगलं. सरांनी मला शाबासकी दिली तेव्हा तू शेजारी उभा राहून हसत होतास. बारावीनंतर तुझ्या वडिलांना डोळ्यांनी दिसेनासं झालं आणि तू त्यांच्या सोनारी दुकानात बसलास. मी पुण्याला शिकलो, नगरला कॉलेजात लागलो, केडगावात घर बांधलं. केडगाव ते सोनई तासा-सव्वा तासाचा रस्ता. तेवढ्या अंतरासाठी आपण वर्षानुवर्षं फोन वापरला. खरं तर फोन तूच करायचास.

गेल्या दिवाळीत तू घरी आलास तो दिवस मात्र माझ्या मनात अगदी स्वच्छ आहे. फराळाचं ताट समोर होतं. तू विचारलंस, "पक्या, सध्या काय चाललंय तुझं?" मी ताटातले दोन रव्याचे लाडू उचलून जवळजवळ ठेवले.

"हे दोघं एकमेकांना ओढतात," मी म्हटलं.

"न्हाई ओढत."

"ओढतात रे. पृथ्वी आपल्याला ओढते तसेच. फक्त ओढ इतकी बारीक की कळत नाही."

"हे तर आपण दहावीला शिकलो. यात नवीन काय?"

मग मी तुला सांगितलं, की अगदी लहान कणांचे नियम वेगळे असतात. कण कुणी पाहत नाही तोवर एकाच वेळी दोन ठिकाणी असल्यासारखा वागतो, आणि हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आता असा दोन ठिकाणी असलेला कण शेजारच्याला ओढणार असेल, तर ओढ येणार कुठून? इथून, तिथून, की दोन्हीकडून? गुरुत्वाकर्षण त्या क्वांटम नियमांत बसतं का, हे अजून कुणालाही माहीत नाही.

तू लाडू खाली ठेवलास. "मग हे बघायला लई मोठं मशिन लागत आसंल."

"सगळ्यांना तसंच वाटायचं. आकाशाएवढं यंत्र लागेल म्हणायचे. आता काही लोक म्हणतात, ताकद वाढवत बसू नका, बारीक कामात शिरा. एका टेबलावर, थंड, शांत जागी, दोन इवल्याशा वस्तू घ्या आणि त्यांच्यात ओढीशिवाय दुसरं काहीच उरू देऊ नका."

"म्हणजे सोनारकाम."

"सोनारकामच."

"आन् तू ते करनार?"

"मी नाही. ते व्हायला कितीतरी वर्षं आहेत. मी खालची पायरी करतोय. सोन्याचे दोन छोटे मणी घ्यायचे, त्यांच्यातली ओढ मोजायची, आणि तिच्यात दुसऱ्या कशाची ओढ मिसळलेली नाही याची खात्री करायची. एवढं जमलं तर वरच्या पायरीवरच्या माणसाला उपयोग होईल."

तू लाडू परत उचललास. मग म्हणालास, "तुझ्या हयातीत कळंल का, ती ओढ कुठून येती ते?"

"बहुतेक नाही."

"मग बरंय. घाई न्हाई कशाची."

आणि लगेच वाद काढलास. न बघितलेली वस्तू दोन ठिकाणी असते हे तुला अजिबात पटलं नव्हतं. "उद्या गिऱ्हाईक आलं आन् म्हनलं माझी अंगठी कुठाय, तर मी काय सांगू? तुमी बघितली न्हाई तवर ती तिजोरीत बी हाय आन् हौदात बी हाय?" सगळं घर हसलं. मी म्हटलं, अंगठी फार मोठी असते, तिला आजूबाजूचं जग सतत बघत असतं. तू म्हणालास, "मग मन्याला कोन बघत न्हाई? मी बघतोय की." त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर होतं, पण जेवायला हाक आली. पुढच्या वेळी सांगतो म्हटलं. तो वाद तसाच पडला आहे.

बाहेरून मणी यायला उशीर लागणार होता. तूच म्हणालास, "मी करून देतो." प्रकल्पाचं चोख सोनं मी तुला आणून दिलं आणि तू महिनाभर इतर कामं बाजूला ठेवलीस. कोळशावर सोनं वितळवून गोळा करायचा, कानशीनं सारखा करायचा, मग खाच पाडलेल्या दोन दगडांमध्ये फिरवत बसायचं. ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढे सहा मणी. तुझ्या काचेच्या पेटीतल्या काट्यावर सहाही एकाच वजनाचे भरले. आमच्या काट्यावर मी त्यांत फरक शोधायचा प्रयत्न केला आणि जो सापडला तो सांगायलाही संकोच वाटावा इतका लहान होता.

ते द्यायला तू स्वतः कॉलेजात आलास. तळघरातली आमची प्रयोगशाळा बघितलीस. एका बारीक धाग्याला टांगलेली दांडी, तिच्या टोकाला मणी, सगळं हवा काढलेल्या पेटीत. पेटीबाहेरून दुसरा मणी एका यांत्रिक हातानं जवळ न्यायचा, लांब न्यायचा, आणि आतली दांडी किती वळते ते उजेडाच्या ठिपक्यावरून बघायचं. तू आत आलास तेव्हा श्वास रोखून धरला होतास. ऋतुजा, माझी संशोधन करणारी विद्यार्थिनी, म्हणाली, "काका, पेटी बंद आहे, श्वास घ्या." तू म्हणालास, "सवय हाय." मग ठिपक्याकडे बघत उभा राहिलास आणि म्हणालास, "वरनं ट्रक गेला की हा शहारतो." पुणे रोडचे ट्रक. ते आम्हाला कळायला आठ दिवस लागले होते.

जाताना तू ऋतुजाच्या हातातलं रेशमी फडकं काढून घेतलंस. रेशमानं पुसलं की सोन्याला कण ओढून घ्यायची सवय लागते, सुती वापर आणि पुसून झाल्यावर थोडा वेळ हात लावू नको, असं तिला सांगितलंस. आम्ही त्याला स्थितिक विद्युत म्हणतो. त्याचा बंदोबस्त करायला आम्ही एक अख्खं प्रकरण लिहिलंय. तू ते एका वाक्यात सांगून एस.टी. पकडायला निघून गेलास.

इथपर्यंत सगळं चांगलं आहे, दिगू. इथपर्यंतचं मी दहाव्यालाही सांगू शकलो असतो.

उन्हाळ्यात कॉलेज ओस पडलं आणि आम्ही मोजायला सुरुवात केली. ओढ हवी त्यापेक्षा कितीतरी जास्त येऊ लागली. आठवडाभर मला वाटलं की काहीतरी मोठं हाती लागलंय. मग ऋतुजानं पेटीजवळ तारेचं वेटोळं ठेवून, वीज सोडून त्याचं चुंबक केलं आणि ओढ बदलली. म्हणजे ती गुरुत्वाकर्षणाची नव्हतीच. जवळपास कुठंतरी लोखंड होतं.

ऋतुजा म्हणाली, "सर, आधी मणी न लावता यंत्राचा नुसता हात फिरवून बघू या का?"

हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. जे मोजायचं ते काढून टाक आणि बघ काय उरतं. दोन दिवसांचं काम होतं. पण पुण्याला त्या आठवड्यात माझं व्याख्यान होतं, मोठी माणसं येणार होती, आणि मला कारण हवं होतं. मी म्हणालो, "यंत्राचा प्रत्येक भाग मी स्वतः निवडलाय. त्यात लोखंड नाही. बाहेरून आले ते फक्त मणी. चोख सोनं मऊ असतं, त्याच्या कानशीचे कण त्यात रुतले असणार." तिनं वही मिटली. मी पुण्याला जाऊन भरल्या सभागृहात तेच सांगितलं: स्थानिक कारागिराकडून आलेल्या सोन्यात अशुद्धी आढळली. तुझं नाव घेतलं नाही. तेवढा सभ्यपणा दाखवला म्हणून मी स्वतःवर खूशही होतो.

मग तुला फोन केला. "दिगू, तुझ्या मण्यांत लोखंड निघालं रे."

पलीकडे ठोकण्याचा आवाज थांबला. मग तू म्हणालास, "माझ्या?"

"तुझा दोष नाही. कानशीमुळं होतं असं. आमच्या कामाला फार चोख लागतं, दागिन्याला एवढं चालतं."

दागिन्याला चालतं! सोनाराला मी हे म्हणालो. तू एवढंच बोललास, "बरं. पाठव परत. बघतो."

मी मणी पाठवले. आणि सोबत चिठ्ठी घातली, कॉलेजच्या छापील कागदावर, सही-शिक्क्यासह. कार्यालयाला तसं लागतं. इंग्रजीत लिहिली असती तर बरं झालं असतं. पण तुला नीट समजावं म्हणून मी मुद्दाम मराठीत लिहिली: "सहा मणी नामंजूर. सोन्यात लोखंडाची अशुद्धी आढळली."

पाकीट आलं तेव्हा तू भट्टीशी होतास आणि तुझ्या हातात फुंकणी होती. दुकानात रंगनाथतात्या मुलीच्या लग्नाचं मंगळसूत्र सांगायला बसले होते. तू म्हणालास, "तात्या, जरा बघा हो काय आलंय." तात्यांनी पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. बाकावर आणखी दोघं होते.

हे तू मला फोनवर हसत हसत सांगितलंस. "कॉलेजचा शिक्का बघून तात्या उठूनच उभे राहिले रे."

मी म्हटलं, "अरे, ते तांत्रिक भाषेतलं आहे. लोकांना काय कळतंय."

"व्हय," तू म्हणालास. "त्येच तर."

तात्यांनी मंगळसूत्र नगरला केलं. त्यानंतर आणखी कुणी कुणी आले नाहीत, ते मला वहिनींकडून आता कळलं. तू मला सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही.

श्रावणात ऋतुजानं यंत्र उघडलं. बाहेरून मागवलेले नवीन मणी बसवायचे म्हणून तो बाहेरचा हात सुटा करत होती. मला बोलावून तिनं त्याच्याजवळ चुंबक धरलं. मण्याच्या बैठकीतला एक स्क्रू टुणकन उडून त्याला चिकटला. दिसायला पितळी, वरून मुलामा, आतून पोलाद. मागवलेला पितळी स्क्रू आखूड पडला होता म्हणून मी माझ्या खणातून एक काढून बसवला होता. मीच. त्या दिवशीची माझ्याच अक्षरातली नोंद वहीत आहे: "स्क्रू बदलला."

ऋतुजा म्हणाली, "सर, दिगूकाकांना आत्ता फोन करू या."

मी म्हणालो, "मी करतो."

नाही केला. आधी मनाला सांगितलं, फोनवर नको, असं समोर जाऊन सांगावं. मग ठरवलं, मोजणी पुन्हा करू, बरोबर उत्तर आलं की ते घेऊनच जाऊ, म्हणजे त्याला आनंद होईल. खरं कारण वेगळं होतं. तुला सांगितलं की पुण्यालाही सांगावं लागणार होतं. त्या सभागृहातल्या माणसांना लिहावं लागणार होतं की प्रोफेसरांना स्वतःच्या यंत्रातला स्क्रू ओळखता आला नाही आणि रिकामा हात फिरवून बघायचंही सुचलं नाही. तुझी अब्रू गावात जात होती, ती मला दिसत नव्हती. माझी जायची होती, ती मात्र समोर दिसत होती.

त्या दोन महिन्यांत तू दोनदा फोन केलास. एकदा मी परीक्षेच्या बैठकीत होतो. दुसऱ्यांदा कशातच नव्हतो. घरी व्हरांड्यात बसलो होतो, स्क्रीनवर तुझं नाव दिसत होतं, आणि मी फोन वाजून बंद होईपर्यंत बघत राहिलो.

नवरात्राच्या आदल्या आठवड्यात तिसऱ्यांदा तुझ्या नंबरवरून फोन आला. या वेळी मी उचलला, का कोण जाणे. वहिनी होत्या. दुपारी दुकानात बसल्या बसल्याच तू गेलास, म्हणाल्या.

दहाव्यानंतर मांडव उठला तरी मी थांबलो. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. स्क्रूचं, श्रावणाचं, व्हरांड्यातल्या फोनचं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मी थांबल्यावर आत गेल्या आणि एक डबी घेऊन आल्या. कापसात सहा मणी होते.

"तुमचं पाकीट आलं त्या दिवशी यांनी सहाचे सहा मनी छिन्नीनं कापलं," त्या म्हणाल्या. "भिंग लावून आतून बघितलं. काही दिसंना. तरी म्हनले, पक्या म्हनतो म्हंजे आसंल, माझ्या डोळ्यांना दिसत नसंल. मग पुन्ना वितळवलं. या वक्ताला कानस लावली न्हाई. चिमटा बी लाकडाचा केला. नुसते दगडावर घासत बसायचे. तुमाला फोन करत हुते ते यासाठीच. झालेत, घिऊन जा, म्हनून."

 मी म्हणालो, "वहिनी, माझ्यामुळं..."

"तसं मी म्हनत न्हाई," त्यांनी मला मधेच थांबवलं. "हार्टचा तरास यांना चार वर्सांपासनं हुता. तुमच्यामुळं गेले असं मी म्हननार न्हाई. पन आपल्या हातात खोट हाय असं मनात घिऊन गेले. ते तुमच्यामुळं, भावजी."

मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "माईकवर का न्हाई बोलला?"

मी डबीचं झाकण लावत-काढत राहिलो.

"बाजारच्या दिवशी दुकान उघडनार हाय. भाचा काम बघंल. त्या दिवशी या. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगा."

मी गेलो. सकाळपासून तुझ्या गादीशेजारी बाकावर बसलो. पहिला माणूस पैंजण जोडायला आला, त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अस्सं व्हय," आणि पैंजण कधी मिळंल ते विचारलं. दुसऱ्याला घाई होती. तिसरी एक म्हातारी होती, गळ्यातल्या दोन मण्यांना टाका मारून घ्यायला आलेली. मी तिला सांगितलं की दिगूशेठच्या सोन्यात लोखंड निघालं असं जे पसरलं होतं ते चुकीचं होतं, चूक माझी होती. ती घाबरून माझ्याकडे बघू लागली.

"लोखंड? कवा निघालं? मला तर काय ठाव न्हाई." आणि तिनं गळ्यातले मणी हातात घेऊन निरखून बघितले. "हे बी त्यांनीच केल्यात."

वहिनी आतून ऐकत होत्या. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आजी, काही न्हाई. तुमचे मनी चोख हायेत. बसा." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "पुरे. ज्यांना माहीत न्हाई त्यांच्या कानात तुमीच घालताय."

मला त्या क्षणी कळलं, दिगू, की केलेलं काही परत उचलून घेता येत नाही. चिठ्ठी पाठवणं सोपं होतं. ती मागे बोलावण्याचा मार्ग नव्हता. मी जितकं पुसायला जात होतो तितकं ते पसरत होतं. मग उरलेला वेळ मी फक्त बसून राहिलो, कुणाला चहा दे, कुणाला जागा दे असं करत.

उन्हं कलताना रंगनाथतात्या आले. त्यांना वहिनींनीच निरोप धाडला होता. ते पायरीवरच उभे राहिले. मी उठून त्यांना सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. चिठ्ठी चूक होती. लोखंड माझ्या यंत्रात होतं. मला श्रावणात कळलं आणि मी लपवलं.

तात्यांनी वहाणा काढल्या. मग पायरीवर खाली बसले.

"मी दिगूशेठला म्हनलो हुतो, लेकीचं मंगळसूत्र हाय, मनात शंका नको," ते म्हणाले. "त्यावर काय म्हनाले ठावं हाय का तुमाला? म्हनले, 'तात्या, बरोबर हाय तुमचं. शंका आसंल तर माझ्याकडं करूच नका.' वर नगरच्या चांगल्या दुकानाचं नाव बी त्यांनीच दिलं." त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून तोंड पुसलं. "लगीन झालं. ते आले हुते लग्नाला. जेवले. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलंच न्हाई."

आम्ही दोघंही तुझ्या पायरीवर बसून राहिलो. बाजार उठत होता, टेम्पोवाले पालं गुंडाळत होते. तात्यांनी मला दोष दिला नाही. देतील अशी माझी अपेक्षा होती, कदाचित इच्छाही होती. ते जाताना एवढंच म्हणाले, "आपन दोघंबी त्यांच्यापरीस लई शिकलेलो, न्हाई का?" तात्या चौथी शिकलेले आहेत. मी समजलो: दोघांनीही स्वतःला तुझ्या हातापेक्षा शहाणं धरलं होतं.

पुण्याच्या लोकांना मी लिहिलंय. त्यात स्क्रूचं लिहिलं, श्रावणापासून लपवल्याचं लिहिलं, आणि तुझं नाव, गाव, दुकान या वेळी पूर्ण लिहिलं. त्यांतल्या दोघांची उत्तरं आली. एकानं लिहिलं, अशा चुका होतात. त्यांच्या दृष्टीनं ती एक दुरुस्ती आहे, एका ओळीची. बरोबरच आहे. त्यांनी तुला पाहिलेलं नाही.

तू दगडावर घासून केलेले मणी ऋतुजानं बसवले. गेल्या रविवारी, ट्रक कमी असतात म्हणून, आम्ही मोजलं. आधी मणी न लावता नुसता हात फिरवला. दांडी जागची हलली नाही. मग मणी लावले. ओढ आली. जेवढी यायला हवी तेवढीच, अगदी बारीक, न मागता आपसूक येणारी. ऋतुजा रडली. मला रडू आलं नाही. मी तो ठिपका जात-येत बघत राहिलो आणि मला वाटलं की आता तुला फोन करायला काहीच हरकत नाही, सगळं तयार आहे, उत्तर बरोबर आहे, माझी लाज राहील अशा रीतीनं सांगता येईल. म्हणजे इतकं होऊनही मी त्याच क्षणाची वाट बघत होतो, ज्यात मला कमीपणा येणार नाही.

तसा क्षण नको होता रे. श्रावणातल्या त्या दुपारी, स्क्रू चुंबकाला लटकलेला असताना, काहीही हातात नसताना फोन करायचा होता. तू उचलला असतास. दुकानात कुणीतरी असतं, तू फोन कानाला खांद्यानं धरला असतास आणि म्हणाला असतास, "बोल पक्या." आणि मला चार शब्द बोलायचे होते. दोन महिने जे माझ्या तोंडातून निघाले नाहीत ते आज, ऐकणारा कुणी नसताना, किती सहज निघतात बघ.

दिगू, तुझं सोनं चोख होतं.